‘यमाताराजभानसलगं’मधला ल काढला तर

मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ‘यमाताराजभानसलगं’ कायमचं अडकलेलं असतं. कुणी ‘य यमाचा, म मानावा’ असं घोकून गण पाठ केले, कुणी बाईंच्या धाकानं हे दहा अक्षरांचं सूत्र. परीक्षा संपली, भुजंगप्रयात आणि शार्दूलविक्रीडित विसरलं, सूत्र राहिलं.

हे सूत्र काय करतं ते आठवू. लघु आणि गुरू अक्षरांचे तीन-तीनचे गट आठच होतात, तेच प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाचे आठ गण. सूत्रातल्या गणाच्या अक्षरावर बोट ठेवायचं आणि तिथून तीन अक्षरं वाचायची. य वर बोट ठेवलं की ‘यमाता’, म्हणजे लघु-गुरू-गुरू, हा य गण. मा वर ठेवलं की ‘मातारा’, तिन्ही गुरू, म गण. असं करत स पर्यंत जा, ‘सलगं’. दहा अक्षरांत आठही गण येतात आणि एकही दोनदा येत नाही.

आता जरा खोडी करू. शेवटून दुसरं अक्षर, ल, काढून टाका. उरलं ‘यमाताराजभानसगं’. तीन लघूंचा न गण गेला, बाकीचे सातही शिल्लक आहेत. आणि या उरलेल्या सूत्रात एक नियम दडलेला आहे, जो शाळेत कुणी सांगत नाही. पुढचं अक्षर काय येणार हे ठरवायचं असेल तर लगेच मागचं अक्षर बघा आणि तीन घरं मागचं अक्षर बघा. दोन्ही सारखी असतील तर पुढे लघु, वेगळी असतील तर गुरू.

करून बघा. य, मा, ता झालं. लगेच मागे ता, गुरू. तीन घरं मागे य, लघु. वेगळी, म्हणून गुरू: रा. पुढे रा आणि मा, दोन्ही गुरू, म्हणून लघु: ज. मग ज आणि ता वेगळी: भा. भा आणि रा सारखी: न. न आणि ज सारखी: स. स आणि भा वेगळी: गं. इथे ‘सगं’ म्हणजे पुन्हा लघु-गुरू, ‘यमा’च. चाक सात घरं फिरून मूळ जागी आलं. (ल ठेवला असता तर नियम नेमका तिथेच मोडला असता. तीन लघु एकदा लागोपाठ आले की हा नियम पुढे लघूच देत राहतो, म्हणून न गणाला या चाकात जागा नाही.)

लघुला ० आणि गुरूला १ लिहा. ‘सारखी असतील तर ०, वेगळी असतील तर १’ ही झाली बेरीज, फक्त १ + १ = ० असं मानायचं. आता जागांना नावं देऊ: तीन घरं मागच्या जागेला १ म्हणा (हा गुरूचा १ नव्हे), तिच्या पुढच्या जागेला क्ष, मग क्ष², आणि नव्या जागेला क्ष³. आपला नियम असा दिसतो: क्ष³ = क्ष² + १. या जगात अधिक आणि उणे एकच असल्यामुळे सगळं एका बाजूला नेलं की क्ष³ + क्ष² + १. बीजगणितात अशा बहुपदीला प्रिमिटिव्ह म्हणतात. मराठीत आद्य म्हणू.

०, १ आणि त्यांची ही विचित्र बेरीज, एवढंच मिळून एक सांत क्षेत्र होतं. क्षेत्र म्हणजे जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून कशानंही भागाकार निर्धोक करता येतो अशी संख्यांची वसाहत. सांत म्हणजे तिथले रहिवासी मोजके. घड्याळासारखं पाचावर किंवा सातावर गुंडाळणारं अंकगणित हे त्याचं सोपं रूप. घरं मूळ संख्येइतकी असली की भागाकार जमतो. चार, आठ, नऊ घरांचीही क्षेत्रं असतात, पण ती गुंडाळून मिळत नाहीत, बहुपदीच्या मदतीनं बांधावी लागतात. एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच पोरानं १८३० साली हे बांधकाम कागदावर मांडलं. दोन वर्षांनी द्वंद्वयुद्धात गेला तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

बांधकाम असं: ज्या बहुपदीचे अवयव पडत नाहीत अशी एक घ्यायची, तिचं उत्तर मूळ क्षेत्रात नाहीच, तर ते ‘आहे’ असं मानून मोकळं व्हायचं. क्ष³ + क्ष² + १ चं उत्तर मानलं की दोन घरांचं क्षेत्र आठ घरांचं होतं. शून्य सोडून सात घरं. आणि त्या उत्तराचे घात घेत गेलं की सातही घरांना एकेकदा भेट देऊन तुम्ही परत १ वर येता. सगळी वस्ती पालथी घालणारं असं उत्तर ज्या बहुपदीचं असतं, ती आद्य. यमाताराजचं सात घरांचं चाक म्हणजे हीच फेरी.

अवयव न पडणं पुरेसं नसतं, हे चौथ्या कोटीत लगेच दिसतं (कोटी म्हणजे बहुपदीतला क्ष चा सगळ्यात मोठा घात). दोन घरांच्या क्षेत्रावर चौथ्या कोटीच्या, अवयव न पडणाऱ्या बहुपदी तीनच आहेत: क्ष⁴ + क्ष + १, क्ष⁴ + क्ष³ + १ आणि क्ष⁴ + क्ष³ + क्ष² + क्ष + १. पहिलीचा नियम चालवला की १०००१००११०१०१११ अशी पंधरा घरांची फेरी मिळते, आणि १०००, ०००१, ००१० असे चार-चारचे सगळे गट त्यात येतात, ०००० सोडून. दुसरी म्हणजे पहिलीच उलटी वाचलेली, तिचीही फेरी पंधराची. तिसरी मात्र १०००१, १०००१ असं पाचातच गटांगळ्या खाते. अवयव तिचेही पडत नाहीत, पण आद्य ती नाही. या तिसरीला लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

ही फेरी उपयोगाची असते, हा शोध इंजिनियरांचा. कप्प्यांची एक रांग घ्या, प्रत्येकात ० किंवा १. दर टिकीला सगळं एक घर सरकवा आणि रिकाम्या कप्प्यात ठरावीक कप्प्यांची बेरीज टाका. याला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. नियम आद्य बहुपदीचा असेल तर जितकी लांब फेरी शक्य आहे तितकी मिळते, आणि ती नाणं उडवल्यासारखी बेशिस्त दिसते. फोनमधलं जीपीएस उपग्रहांना ओळखतं ते दहा कप्प्यांच्या अशा दोन रांगांच्या बेरजेवरून. एका रांगेची बहुपदी आहे क्ष¹⁰ + क्ष³ + १. फेरी १०२३ घरांची, दर मिलिसेकंदाला एक पूर्ण. आपल्या नाविक या भारतीय उपग्रह यंत्रणेच्या मूळ नागरी सेवेतही दहा कप्पे, १०२३ घरं आणि हाच प्रकार.

भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड चुरगळला, त्यावर हळद सांडली, तरी स्कॅन होतो. त्यामागे २५६ घरांचं क्षेत्र आहे, आणि ते बांधलंय आद्य बहुपदी क्ष⁸ + क्ष⁴ + क्ष³ + क्ष² + १ वापरून. गंमत म्हणजे बँकेचं पान उघडताना माहिती कुलूपबंद करणारं एईएसही २५६ घरांचंच क्षेत्र वापरतं, पण त्याची बहुपदी क्ष⁸ + क्ष⁴ + क्ष³ + क्ष + १ आहे, आणि ती आद्य नाही! तिच्या उत्तराची फेरी २५५ ऐवजी ५१ घरांत संपते. एईएसला फक्त भागाकार हवा असतो, फेरी नको असते, म्हणून चालतं.

इथून प्रश्न सुरू होतो. बहुपदीतलं प्रत्येक पद म्हणजे सर्किटमध्ये एक जोडणी. इंजिनियरला पदं कमी हवीत, म्हणजे बरेच सहगुणक शून्य हवेत. गणितीला कमी-जास्तीशी देणंघेणं नसतं, तो नुसतं विचारतो: मी एक जागा सांगतो, समजा क्ष⁷, आणि तिथला सहगुणक काय हवा तेही सांगतो. बाकीचे तुम्ही लावा. आद्य बहुपदी मिळेल का, नेहमी?

१९९२ साली टॉम हॅन्सन आणि गॅरी मुलन या दोघांनी आद्य बहुपदींचे मोठाले तक्ते छापले, ९७ पर्यंतच्या मूळ संख्यांसाठी. तक्ते करता करता त्यांना दिसलं की उत्तर जवळपास नेहमीच ‘हो’ आहे. त्यांनी अंदाज मांडला: पहिला आणि शेवटचा सहगुणक सोडून मधली कुठलीही जागा निवडा, क्षेत्रातली कुठलीही किंमत निवडा, आद्य बहुपदी मिळेल. अपवाद बोटावर मोजण्याइतके. पहिला सहगुणक १ च असतो, म्हणून तो सोडला. शेवटच्यावर मात्र आधीच एक बंधन असतं. सगळ्या उत्तरांचा गुणाकार तिथे येतो, आणि बहुपदी आद्य असेल तर हा गुणाकारही मूळ छोट्या क्षेत्राची पूर्ण फेरी मारणारा असावा लागतो. तिथे मनमानी चालत नाही.

अपवाद मला अंदाजापेक्षा जास्त आवडतात, कारण ते हातानं तपासता येतात.

एक तर वर्गबहुपदीत मधला सहगुणक शून्य. क्ष² + काहीतरी. उत्तराचा वर्ग केला की तुम्ही छोट्या क्षेत्रात परत येता, आणि मग तिथेच घोटाळता. मोठं क्षेत्र पालथं घालायला इतकी छोटी दोरी पुरत नाही. हा अपवाद सगळ्या क्षेत्रांत.

दुसरा आपल्या ओळखीचा: दोन घरांचं क्षेत्र, चौथी कोटी, क्ष² चा सहगुणक १. मघाच्या तीन बहुपदींत क्ष² फक्त तिसरीत आहे, आणि ती पाचातच अडकते.

तिसरा चार घरांच्या क्षेत्रातला: तिसरी कोटी, क्ष² चा सहगुणक शून्य. क्ष² चा सहगुणक म्हणजे चिन्ह सोडलं तर तिन्ही उत्तरांची बेरीज. चार घरांच्या क्षेत्रात एक उत्तर ट असेल तर बाकीची दोन ट⁴ आणि ट¹⁶ असतात. बेरीज शून्य हवी, म्हणून ट¹⁶ + ट⁴ + ट = ०. ट नं भागा: ट¹⁵ + ट³ + १ = ०. ट³ ला ठ म्हणा: ठ⁵ + ठ + १ = ०. आणि याचे अवयव पडतात! (ठ² + ठ + १) गुणिले (ठ³ + ठ² + १). गुणून बघा, १ + १ = ० हे विसरू नका. दुसरा अवयव म्हणजे आपलं यमाताराजच, त्यातून येणाऱ्या ठ ची फेरी सातची. पहिल्या अवयवातून येणाऱ्याची तीनची. पण ट नं ६३ घरांची पूर्ण फेरी मारायची तर ट³ ची फेरी २१ ची असायला हवी. तीनही नाही, सातही नाही. संपलं. हीच बहुपदी उलटी लिहिली की क्ष चा सहगुणक शून्य असलेली अपवादाची जोडी मिळते.

बस, एवढेच अपवाद. बाकी सगळीकडे, कितीही मोठ्या क्षेत्रात, कितीही मोठ्या कोटीत, ‘हो’. पण हे सिद्ध कसं करणार?

पहिली गोष्ट, आद्य बहुपदी दुर्मिळ नसतात. मोजायची युक्ती चाळणीची आहे. पंधरा घरांच्या फेरीत पूर्ण फेरी न मारणारे कोण? पंधराचे मूळ अवयव ३ आणि ५, तर जे कुणाचा तरी घन आहेत किंवा कुणाचा तरी पाचवा घात आहेत ते. पंधरातून पाच घन काढा, तीन पाचवे घात काढा, दोन्ही यादीत असलेला एक दोनदा गेला म्हणून परत घ्या: १५ − ५ − ३ + १ = ८. प्रत्येक बहुपदीची चार उत्तरं, म्हणून दोन आद्य बहुपदी. हाच हिशेब विसाव्या कोटीला केला तर २४,००० येतात. त्यातल्या अर्ध्यांत क्ष⁷ असावा, अर्ध्यांत नसावा, असं कुणालाही वाटेल. बारा-बारा हजार! मग सिद्ध काय करायचं राहिलं?

राहिलं ते असं, की सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून माणदेशातल्या विहिरीला पाणी लागतंच असं नाही. क्ष⁷ असणं आणि आद्य असणं यांचं आपसांत काही साटंलोटं नाही, हे दाखवावं लागतं. चौथ्या कोटीत तसं साटंलोटं होतं, आपण पाहिलं. ते तिथेच का संपतं?

याचं हत्यार तुरुंगात घडलं. आंद्रे वेईल हा फ्रेंच गणिती सैन्यात हजर न झाल्याबद्दल १९४० साली रुआँच्या तुरुंगात होता, आणि तिथे त्यानं सांत क्षेत्रांवरच्या वक्रांबद्दलचा मोठा प्रश्न सोडवायला घेतला. पूर्ण सिद्धता १९४८ ला छापून आली. (हा वेईल त्याआधी, १९३० ते १९३२, अलीगढला शिकवत होता आणि त्यानंच दामोदर धर्मानंद कोसंबींना तिथे बोलावून घेतलं. आपण कोसंबींना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण गोव्यातल्या कोसबेनचा हा माणूस पेशानं गणिती, अलीगढनंतर फर्ग्युसनला शिकवायला आलेला.)

वेईलच्या निष्कर्षाचा आपल्या कामाचा भाग असा सांगता येईल. क्षेत्रातल्या प्रत्येक घरावर एक बाण काढा, सगळ्यांची लांबी १, दिशा मात्र दोन गोष्टींवरून ठरते: ते घर गुणाकाराच्या फेरीत कितव्या क्रमांकावर आहे, आणि ते ज्या बहुपदीचं उत्तर आहे तिच्या सगळ्या उत्तरांची बेरीज काय येते. गुणाकार आणि बेरीज यांचं गुपचूप संगनमत असेल तर बरेच बाण एकाच दिशेला वळतील आणि त्यांची बेरीज प्रचंड होईल. वेईल सांगतो, तसं होत नाही. दहा लाख बाण असतील तर बेरीज हजाराच्या आसपासच्या पटीत राहते, म्हणजे वर्गमुळाइतकी. दारू पिऊन दहा लाख पावलं टाकणारा माणूस खांबापासून साधारण हजार पावलांवरच सापडतो, तसं. फरक इतकाच की दारुड्याच्या बाबतीत ती शक्यता असते, इथे हमी आहे.

आता हिशेब बेताचा होतो. हवा तो सहगुणक असलेल्या आद्य बहुपदी मोजताना एक मुख्य रक्कम येते आणि तिच्यावर गोंगाट येतो. गोंगाट किती? वर्गमूळ, गुणिले चाळणीच्या एकूण पायऱ्या. मूळ अवयव एक वाढला की पायऱ्या दुप्पट होतात, कारण तो मूळ अवयव घ्या किंवा सोडा. विसाव्या कोटीत फेरी १०,४८,५७५ ची, तिचे मूळ अवयव ३, ५, ११, ३१ आणि ४१, म्हणजे ३२ पायऱ्या. वर्गमूळ १०२४. सगळ्यात सोपी जागा क्ष¹⁹ घेतली, तर मुख्य रक्कम १०,४८,५७६ आणि गोंगाट फार तर ३२,७६८ असा सामना होतो. गोंगाट काहीही करो, उत्तर शून्य होत नाही. बहुपदी आहे. कुठली, ते आपल्याला माहीत नाही, पण आहे. चौथ्या कोटीला हाच हिशेब केला तर मुख्य रक्कम १६ आणि गोंगाटाची मर्यादाही १६. इथे सिद्धता गप्प बसते. छोट्या कोट्यांत काहीही होऊ शकतं, आणि अपवाद तिथेच सापडतात, हा योगायोग नाही.

पण ही सोपी जागा होती. सगळ्यात वरचा मोकळा सहगुणक म्हणजे उत्तरांची बेरीज, आणि बेरीज हाताळायला वेईलचे बाण तयारच आहेत. या जागेचा प्रश्न ग्लासगोच्या स्टीफन कोहेननी १९९० सालीच पूर्ण सोडवला होता, हॅन्सन-मुलननी अंदाज मांडायच्याही आधी.

खरी डोकेदुखी मधल्या जागांची. वरून तिसऱ्या किंवा दहाव्या जागेचा सहगुणक म्हणजे उत्तरांच्या तीन-तीनच्या, दहा-दहाच्या गुणाकारांची बेरीज. ती बाणांच्या भाषेत सरळ बसत नाही. न्यूटनची सूत्रं आहेत, त्यांनी हे सहगुणक उत्तरांच्या वर्गांच्या, घनांच्या, चौथ्या घातांच्या बेरजांत बदलता येतात. पण मग दहाव्या जागेसाठी पहिल्या दहा बेरजांवर अट घालावी लागते. प्रत्येक अट मुख्य रकमेला छोट्या क्षेत्राच्या घरसंख्येनं भागते. गोंगाट मात्र तिथल्या तिथेच. नेमक्या मधल्या जागेला पोहोचेपर्यंत मुख्य रक्कम घसरत घसरत वर्गमुळाइतकी होते, म्हणजे गोंगाटाच्या बरोबरीला. अर्ध्यापलीकडच्या जागांची काळजी नाही, बहुपदी उलटी वाचली की त्या अलीकडे येतात. पण मधोमध सापडलेल्याला दोन्हीकडून सुटका नाही.

इथे एक युक्ती आहे, आणि ती फार सुंदर आहे. आपल्याला एकच सहगुणक ठरवायचाय, बाकीचे मोकळे आहेत. मग त्यांतले काही आपणच शून्य करून टाकू. समजा तिसावा सहगुणक हवा आहे. पहिले पंधरा शून्य ठेवा. न्यूटनच्या सूत्रात एक सहगुणक आणि एक बेरीज यांच्या जोड्या येतात: पहिला आणि एकोणतिसावी, दुसरा आणि अठ्ठाविसावी, अशा. जोडीतल्या क्रमांकांची बेरीज तीस, म्हणून त्यातलं एक तरी पंधराच्या आत असणार, आणि पंधराच्या आतलं सगळं शून्य आहे. एकूण एक जोड्या गळून पडतात! उरतं फक्त तिसावा सहगुणक गुणिले ३० आणि तिसावी बेरीज. तीस अटींऐवजी सोळा अटींत काम झालं.

पण ३० नं भागायचं राहिलं. दोन घरांच्या क्षेत्रात ३० म्हणजे शून्य, कारण १ + १ = ०. शून्यानं भागणार कसं? ही अडचण चीनच्या फॅन शुकिन आणि हान वेनबाओ यांनी सोडवली. त्यांनी सगळा हिशेब क्षेत्राबाहेर, पी-अॅडिक संख्यांच्या जगात नेला. तिथे २ म्हणजे शून्य नसतो, नुसता ‘छोटा’ असतो. छोट्यानं भागता येतं. भागाकार तिथे उरकायचा आणि मग परत खाली यायचं. रोखीत सुटे पैसे नसले की हिशेब वहीत पैशापर्यंत ठेवायचा आणि शेवटी रुपयात मिटवायचा, तसं काहीसं. खूप मोठ्या क्षेत्रांसाठी अंदाज खरा आहे हे त्यातून निघालं.

‘खूप मोठ्या’ या शब्दांत मात्र फट आहे. साठाव्या कोटीचं उदाहरण घ्या. २ च्या ६० व्या घातातून १ वजा केला तर मूळ अवयव अकरा: ३, ५, ७, ११, १३, ३१, ४१, ६१, १५१, ३३१, १३२१. चाळणीच्या पायऱ्या २०४८. सोळा अटींनंतर मुख्य रक्कम २ च्या ४४ व्या घाताइतकी उरते. वर्गमूळ २ चा ३० वा घात, त्याला २०४८ नं गुणलं की ४१ वा. वर आणखी किरकोळ गुणक आहेतच. एवढ्याशा अंतरावर सिद्धता उभी राहत नाही. (एकसष्टाव्या कोटीत मात्र २ चा ६१ वा घात वजा १ ही स्वतःच मूळ संख्या, चाळणीला कामच नाही. शेजारी-शेजारी राहून इतका फरक!)

कोहेनची करामत ही चाळणी बदलण्यात होती. १३२१ साठी पायऱ्या दुप्पट कशाला करायच्या? कुणाचा तरी १३२१ वा घात असणारी घरं १३२१ त एकच असतात. मोठे मूळ अवयव बाजूला काढा, त्यांच्यामुळे बाद होणारी घरं सरळ एकदा वजा करा, दोनदा वजा झालेली परत घेण्याच्या भानगडीत पडू नका. वजाबाकी थोडी जास्त होते, पण आपल्याला नेमका आकडा हवाय कुठे? शून्याच्या वर राहिलं की झालं. दुपटीऐवजी नुसती बेरीज, आणि गोंगाट एकदम खाली. २००६ साली त्यांनी नवव्या कोटीपासून पुढे सगळं सिद्ध केलं. उरलेल्या छोट्या कोट्यांसाठी त्यांच्याबरोबर मातेया प्रेशेर्न होत्या, आणि २००८ साली शेवटची फट बुजली. ‘छोट्या’ म्हणताना फसू नका, सगळ्यात चिवट काम तिथेच होतं. तिथे गोंगाट आणि रक्कम दोन्ही लहान असतात, प्रत्येक गुणकासाठी भांडावं लागतं आणि उरलेली प्रकरणं संगणकावर एकेक करून तपासावी लागतात.

याच अंदाजाचा सौम्य भाऊ, म्हणजे ‘आद्य नको, नुसते अवयव न पडणारी चालेल’, तो आधीच सुटला होता. दाछिंग वाननी १९९७ ला बहुतेक सगळं केलं आणि राहिलेलं हॅम आणि मुलननी १९९८ ला संगणकावर उरकलं.

मग इंजिनियरला हवं ते मिळालं का? नाही. त्याला एक नव्हे, जवळजवळ सगळेच सहगुणक शून्य हवेत. दोन घरांच्या क्षेत्रावर पदांची संख्या सम असली की क्ष = १ घातल्यावर शून्य येतं आणि अवयव पडतो. म्हणून कमीत कमी तीन पदं. क्यूआर कोडच्या बहुपदीत पाच पदं दिसली होती, तीन का नाहीत? कारण रिचर्ड स्वाननी १९६२ साली दाखवलं की कोटी आठच्या पटीत असेल तर तीन पदांच्या प्रत्येक बहुपदीचे अवयव पडतातच. संगणकाला आठाची सवय, आणि नेमका आठच नडतो. एकापेक्षा जास्त सहगुणक ठरवण्याबद्दल नुसत्या अवयव न पडणाऱ्या बहुपदींत चांगली मजल गेली आहे. जुनसू हा यांनी २०१६ ला दाखवलं की क्षेत्र पुरेसं मोठं असेल तर कुठल्याही जागांवरचे, जवळपास एक चतुर्थांशापर्यंत सहगुणक तुम्ही ठरवू शकता.

तीन पदांच्या आद्य बहुपदी अनंत आहेत का, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. शोध मात्र चालू असतो. रिचर्ड ब्रेंट आणि पॉल झिमरमान यांनी २०१६ साली ज्यांची कोटी, म्हणजे सगळ्यात मोठा घात, ७,४२,०७,२८१ आहे अशा तीन पदांच्या आद्य बहुपदी शोधल्या. हा आकडा त्यांनी निवडला कारण २ चा तितकावा घात वजा १ ही मूळ संख्या आहे, त्याच वर्षी सापडलेली. साठच्या शेजारच्या एकसष्टसारखंच: चाळणीत एकच भोक, अवयव पडत नाहीत एवढं तपासलं की आद्य असणं आपोआप. बहुपदीत सात कोटींहून जास्त जागा, त्यातल्या तीन ठिकाणी १ आणि बाकी सगळीकडे लघु.